सतराचा रकाना

रविवारी सकाळी अर्धी दाढी झालेली असताना सुदर्शन वाकळेचा मोबाइल बेसिनच्या कडेवर थरथरत सरकला आणि साबणाच्या डबीत पडला. टॉवेलानं पुसून त्यानं बघितलं. 'देवगिरीचे दिवाने' या ग्रुपवर क्लबचं पोस्टर आलं होतं. सत्यम पाठमोरा, पाठीवर मोठा सतरा, आणि खाली लग्नपत्रिकेत असतात तसल्या वळणदार अक्षरांत, 'धन्यवाद सत्यम! पुढील वाटचालीस शुभेच्छा.' म्हणजे काढला. हंगाम संपून पुरते दहा दिवस झाले नव्हते आणि पोराला काढला. पोस्टरखाली ग्रुप चालवणाऱ्या अभयनं लिहिलं होतं, 'सुदर्शनकाका, तुमच्या वहीनं विकेट काढली!!' फुटबॉलात विकेट नसते हे अभयला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याखाली अंगठे. सुदर्शनने आधी ते मोजले. तेवीस निघाले. मोजून झाल्यावर मग आपण काय मोजलं ते त्याला कळलं, आणि गालावरचा फेस वाळून कातडी ओढायला लागली. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं होतं. अगदी क्षणभर, पण वाटलं होतं. ते नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. एस.टी.तून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत त्याच्या अक्षरानं जगात कुठं पान हललं नव्हतं. आज हललं. मग लगेच त्याची नजर परत पोस्टरवरच्या त्या पाठीवर गेली. उरलेली दाढी त्यानं तशीच ओढली आणि हनुवटीखाली कापून घेतलं. "कुणाला काढलं म्हणे?" स्वयंपाकघरातून गीताबाईंनी विचारलं. मोबाइल वाजला की नवऱ्याच्या तोंडून आपोआप काय निघतं ते त्यांना भिंतीआडूनही ऐकू यायचं. "सतराला," तो म्हणाला. "सतरा म्हणजे कोण?" तो तुरटी फिरवत राहिला.

क्लब निघाला तेव्हा शहराला आनंद झाला होता हे खरं. प्लॉट पाडून विकणाऱ्या एका घराण्यानं तो काढला, गारखेड्याच्या मैदानावर दिवे लावले, पहिल्या वर्षी बारा संघांत सहावा नंबर आला आणि जो तो फुटबॉलमधला जाणकार झाला. दुसऱ्या वर्षी नववा. तिसऱ्या वर्षी अकरावा. यंदा बारावा, म्हणजे त्याखाली फक्त जमीन. बावीस सामने, तीन विजय, आणि त्या तिनांतला एक समोरच्या गोलकीपरनं स्वतःच्याच जाळ्यात चेंडू टाकला म्हणून. या काळात पूर्वेच्या गॅलरीत मतांचं पीक असं आलं की पायऱ्यांवर ठेवायला जागा नाही. मालक कंजूस आहे म्हणणारे होते आणि मालक उधळ्या आहे म्हणणारेही, आणि दोघं शेजारी बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खायचे. एका हंगामात तीन कोच झाले. पहिला स्पेनचा, त्याला उन्हानं नेलं. दुसरा बंगालचा, त्याला मालकाच्या जावयानं. तिसरा हंगामी, त्याचं नावच कुणी पाठ केलं नाही. पण गॅलरीचा खरा राग होता तो बनियनवर. खेळाडूंच्या जर्सीखाली एक काळं बनियन असायचं, त्यात पाठीवर डबीएवढं यंत्र. कोण किती धावला, किती वेगानं, छाती किती धडधडली, ते सगळं म्हणे बंगळुरूच्या एका कंपनीकडं जायचं आणि तिथून रंगीत तक्ते होऊन परत यायचं. सामना तीन-शून्यनं हरला की दुसऱ्या दिवशी क्लब पोस्टर टाकायचा, 'आपले अपेक्षित गोल : १.८'. म्हणजे गोल झाला नाही, पण हिशेबानं व्हायला हवा होता. "अपेक्षित गोल!" फारूखभाई गॅलरीत उभा राहून म्हणायचा. "मेरा बेटा भी अपेक्षित डाक्टर था मियाँ. रिक्षा चलारा." सगळी गॅलरी हसायची. सुदर्शनही हसायचा, पण त्याचं हसणं थोडं राखून असायचं. आकड्यांवर असं उघडं हसलेलं त्याला आवडत नसे. आकडा चुकत नाही, आकडा घेणारा चुकतो, असं त्याचं चौतीस वर्षांचं मत होतं. बंगळुरूला बसलेल्या माणसाला गारखेड्यातलं काय दिसणार? आकडा घ्यायचा तर जागेवर बसून, स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या हातानं.

म्हणून वही. दोनशे पानी, लांब, आडव्या रेघांची. जर्सीच्या नंबराप्रमाणे उभे रकाने पट्टीनं आखलेले. सुरुवातीला त्यानं पुष्कळ काय काय नोंदायचं ठरवलं होतं, पास, कॉर्नर, फाउल, पण हात पुरेना, आणि पाच गोष्टी अर्ध्या लिहिण्यापेक्षा एक पुरती लिहावी असं ठरवून त्यानं एकच ठेवली : चेंडू कुणी गमावला. ज्याच्या पायातून गेला त्याच्या घरात एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. सामना संपला की बेरीज, हंगाम संपला की सरासरी. एस.टी.च्या विभागीय कार्यालयात तो हेच करायचा, फक्त तिथं चेंडूऐवजी माणसं असायची. कुठल्या फेरीला किती प्रवासी, गाडी किती भरली, त्याचं शेकड्यात भारमान. आणि भारमान कमी दिसलं की साहेबासमोर एक ओळीची टिप्पणी. 'सदर फेरी बंद करण्यास हरकत नसावी.' त्याच्या टिप्पण्यांना साहेब प्रश्न विचारत नसत. अक्षर असं की विचारावासाच वाटू नये. गॅलरीतसुद्धा पोरं वहीत डोकावून म्हणायची, "काका, छापल्यावानी लिहिता राव." फारूखभाई त्याच्या उजव्या हाताला बसायचा. तो कधी डोकावला नाही. ऐंशीच्या सालात आमखास मैदानावर लेफ्ट हाफ खेळलेला माणूस तो. आता शहागंजात रॅकेटला तार मारायचं, फुटबॉल शिवून द्यायचं दुकान, आणि सकाळी सहा ते आठ पोरांना फुकट शिकवणं. सत्यम त्याच्याच हाताखालचा. कन्नड तालुक्यातला, बाप घाटातून जीप चालवणारा. तेराव्या वर्षी वसतिगृहात आला, एका हातात पत्र्याची पेटी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. असं फारूखभाई सांगायचा, आणि दर वेळी त्या चपलांचा रंग बदलायचा. "देख सुदर्शन," तो एकदा म्हणाला होता, "तू गिरे सो गिनता. मांगा किसने, वो गिन." म्हणजे? "म्हणजे क्या. ये लडका हर बार हाथ ऊपर करके बॉल मांगता. तीन लोग उसके ऊपर आते, गिरती. बाकी के दस देख, कैसे छुपते फिरते. जो मांगताच नै, उसकी क्या गिरेगी?" सुदर्शनला मुद्दा कळला नव्हता असं नाही. त्यानं त्यावर एक संध्याकाळ विचारही केला होता. पण लपणाऱ्याचा रकाना कसा आखायचा? न मागितलेल्या चेंडूची रेघ कुठं ओढायची? जे झालं ते लिहिता येतं. जे झालं नाही त्याला घर नसतं. तो म्हणाला होता, "फारूखभाई, भावना वेगळी, नोंद वेगळी." आणि त्या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश झाला की दोन-तीन ठिकाणी परत वापरलं.

आणि मग आठ दिवसांपूर्वीची ती मीटिंग. क्लबचा मुख्य अधिकारी शिवराज, चाळिशीतला, आधी थंड पेयं विकणाऱ्या कंपनीत होता असं म्हणत, त्यानं चाहत्यांची मतं जाणून घेण्यासाठी एका हॉटेलचा हॉल घेतला. दिवान्यांमधले अकरा जण बोलावले. अभयनं तिघा कोचांवर भाषण केलं. एकानं बनियनवर. एकानं पार्किंगवर. शिवराज सगळ्यांना मान डोलवत होता आणि लॅपटॉपवर काहीच लिहीत नव्हता. हे फक्त सुदर्शनच्या लक्षात आलं, कारण कोण लिहितंय आणि कोण लिहिल्यासारखं करतंय हे त्याला पाठीमागूनही ओळखता येत असे. फारूखभाई आलाच नव्हता. "उनको मेरी राय नै होना, मेरी ताली होना," म्हणाला होता. सुदर्शनची पाळी आली तेव्हा त्यानं वही उघडून टेबलावरून सरकवली. शिवराजनं दोन पानं उलटली, मग खुर्ची पुढं ओढली. "सर," तो म्हणाला, "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत? सर, हे सोनं आहे." सर. चौतीस वर्षांत कोट घातलेल्या माणसानं त्याला सर म्हटलं नव्हतं; 'अहो वाकळे' म्हणायचे, नुसतं 'वाकळे' म्हणायचे, एक साहेब तर टेबलावर पेन वाजवायचा.  समोरचं पनीर गार होत होतं, ते त्यानं खाल्लं नाही. माणूस सर असताना दाताला पनीर लागलेलं बरं दिसत नाही. शिवराजनं मोबाइलवर पानांचे फोटो काढले, एक एक, नीट, सावली पडू न देता. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या मते सर, सगळ्यात जास्त नुकसान कुणामुळं?" त्या वेळी त्याला नाव घेता आलं असतं. सत्यम म्हणाला असता तर कदाचित जीभ अडखळली असती. नावाबरोबर ती पत्र्याची पेटी, त्या चपला, सगळं तोंडात आलं असतं. पण वहीत नावं नव्हती. "सतरा," तो म्हणाला. "सामन्यामागं सरासरी अकरा." आणि शिवराज म्हणाला, "बघा! आमची कंपनीसुद्धा हेच म्हणतेय." याचा त्याला केवढा अभिमान वाटला! बंगळुरूची कंपनी आणि गारखेड्याची वही, उत्तर एक. दोन वेगळ्या माणसांनी केलेली बेरीज जुळली की ती खरीच असते असं त्याला नोकरीभर वाटत आलं होतं. दोघं एकाच बाजूनं बघत असतील हे काही त्याच्या मनात आलं नाही.

अकरा वाजता तो शहागंजात पोचला. स्कूटर लावली, दुकानाची पायरी चढला. फारूखभाई यंत्रावर रॅकेट आवळत होता. त्यानं वर बघितलं नाही आणि, जे पस्तीस वर्षांत कधी झालं नव्हतं, समोरच्या हॉटेलवाल्याला दोन बोटं दाखवून चहा सांगितला नाही. सुदर्शन स्टुलावर बसला. शिवायला आलेले फुटबॉल कोपऱ्यात हवा गेलेल्या अवस्थेत पडले होते. कातड्याचा आणि डिंकाचा वास. "मी फक्त आकडा सांगितला," तो म्हणाला. "हौ. तूने आकडा बोला." तार ताणली गेली, टणकन वाजली. "फाशी देनेवाला भी रस्सी का माप ही बोलता." "फारूखभाई, मी काही काढा म्हणालो नव्हतो." "तेरेकू मालूम नै था वो क्या करिंगे? चौतीस साल क्या किया रे तू? गाड्या बंद किया ना?"  दुसरी तार ओवत फारूखभाई पुढं बोलला, आवाज न चढवता, आणि तेच जास्त लागलं. गोव्याच्या एका क्लबनं पोराची चौकशी केलीय. उद्या सोमवारी त्यांची यादी पक्की होणार. तीन हंगामांचे आकडे पाठव म्हणाले, सामन्यागणिक. क्लबच्या इथल्या ऑफिसात गेला तर म्हणे आकडे कंपनीचे आहेत, देता येत नाहीत. तुला काढला त्याच आकड्यांवर, पण ते तुझे नाहीत. "अब इस शहर में उसके यहाँ के सारे मॅच किसके पास हैं? तेरे पास. उद्यापर्यंत नै भेजे तो लडका जाके घाट में जीप चलायेगा, बाप के सरीका. चार बजे आयेगा तेरे घरकू. उसकू अच्छे आकडे दे." सुदर्शन म्हणाला, "जे वहीत आहे ते देईन. जे वहीत नाही ते मी लिहिणार नाही, फारूखभाई. आयुष्यात खोटी नोंद केली नाही." तेव्हा फारूखभाईनं पहिल्यांदा वर बघितलं. मोतीबिंदू काढलेला डोळा दुसऱ्यापेक्षा चकचकीत दिसत होता. "नक्को लिख," तो म्हणाला. "मैं कब बोला झूठ लिख. अच्छा जो देखा होयेंगा, वो लिख." आणि परत तारेकडं वळला.

परतताना क्रांती चौकाच्या सिग्नलला तो लाल दिव्यासमोर थांबला. आयुष्यात खोटी नोंद केली नाही, हे वाक्य तो पुष्कळदा बोलला होता. निरोप समारंभातही बोलला होता, नारळ आणि शाल हातात घेऊन. आज ते बोलल्याबरोबर खुलताबादच्या स्टँडवरचं एक बाक आठवलं. खुलताबादच्या पुढं एका वाडीची सकाळची फेरी होती. तीन दिवस प्रवासी मोजून भारमान काढायचं होतं. पहिल्या दिवशी चौदा. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी ताप आल्यासारखं वाटत होतं, रस्त्यावर खडी पडलेली. तो त्या बाकावरच बसून राहिला, एक चहा घेतला आणि फॉर्मवर पंधरा लिहिलं. चौदा आणि सोळाची सरासरी पंधरा. यात खोटं काय होतं? मोजायला गेला असता तरी पंधराच्या आसपासच भरले असते. फेरी बंद झाली. कुणी मेलं नाही, मोर्चा आला नाही. माणसं जीपनं यायला लागली एवढंच. नंतर एकदा त्याच रस्त्यावर एक जीप दिसली होती, मागच्या पायरीवर बायका लोंबकळत असलेली, एकीनं दातात पदर धरला होता. त्याच्या मनात आलं होतं, किती असतील? आणि जीप वळणाआड जाईपर्यंत त्यानं नुसत्या बाहेर लोंबकळणाऱ्याच नऊ मोजल्या होत्या. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, हिरवा झाला! का लालची वाट बघायलाव परत?" तो निघाला. हे आत्ता का आठवावं त्याचा राग आला त्याला. तो तिसरा दिवस म्हणजे नोकरी. वही म्हणजे हौस. वहीसाठी तो गारखेड्यातला एकही सामना चुकला नव्हता. भाचीच्या साखरपुड्याला गेला नाही, पण शिलाँगविरुद्धच्या सामन्याला गेला.

जेवण झाल्यावर गीताबाई आडव्या झाल्या आणि तो तीन हंगामांच्या तीन वह्या घेऊन खिडकीशी बसला. अच्छा जो देखा होयेंगा. त्यानं पानामागून पान उलटलं. रेघा, रेघा, आडवी रेघ. गारखेड्यातले तेहतीस सामने, आणि तेहतीस सामन्यांत सत्यमनं केलेली एकही चांगली गोष्ट या वह्यांत नव्हती, कारण कुणाचीच नव्हती. गोल कुणी केला हेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. ते पेपरात येतंच म्हणून. त्यानं वही मिटली आणि डोळे मिटून आठवायला बसला. सत्यम कसा धावतो? उजव्या कडेनं. मान थोडी डावीकडं? का ते दुसरं कुणी? चेंडू मागताना हात वर करतो, हे तर फारूखभाईनं सांगितलेलं. आपण काय बघितलं? चेंडू गेला की तो खाली मान घालायचा, म्हणजे चेंडू गेला की खाली मान घालायचो ते आपण, रेघ ओढायला. आणि रेघ ओढून वर बघेपर्यंत पुढचं होऊन गेलेलं असायचं. चार वाजताचा सामना, पूर्वेची गॅलरी, समोरून डोळ्यांवर येणारं ऊन. टोपी पुढं ओढून बसावं लागायचं. कोपऱ्यातली लाकडी कमान, पाण्याचा टँकर, रेफ्रीचा टक्कल पडायला आलेला माथा, हे सगळं लख्ख आठवत होतं. पोर आठवत नव्हतं. सत्यमचा चेहरा म्हणून जो येत होता तो सकाळच्या पोस्टरवरचा होता, आणि त्या पोस्टरवर तर त्याची पाठ होती.

बरोबर चारला बेल वाजली. सत्यम आत आला, आधी गीताबाईंच्या आणि मग त्याच्या पाया पडला, आणि खुर्ची सोडून वेताच्या मोड्यावर बसला. जवळून तो गॅलरीतून दिसायचा त्यापेक्षा बारीक होता, आणि वयानं मोठा, तेवीसच्या पुढचा. गालावर टाक्यांची जुनी खूण. गीताबाईंनी पोहे आणले, म्हणाल्या, "खा बाळा, हे काढतात तुझे कागद." त्याला काढलंय हे त्यांना माहीत होतं, कशामुळं ते माहीत नव्हतं. त्या आत गेल्यावर सुदर्शनने घसा साफ केला. "हे बघ सत्यम, तुला कदाचित वाटत असेल..." "माहितीय काका," पोर म्हणालं. "शिवराजसाहेबांनी फोटो दाखवले तुमच्या वहीचे. म्हणले, बघ, तुझ्याच गावचे लोक काय म्हणायलेत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुदर्शनला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर तयार होतं, ते वाक्य, भावना आणि नोंद. "मग माझ्याकडं कशाला आलास?" "दुसरं कोणाकडं जाऊ? फारूखचाचा म्हणले, लिहिलेलं फक्त तुमच्याकडंच हाय. गोव्याच्या माणसाला फोनवर इचारलं, हातानं लिहिलेली वही चालंल का. तो तर खूश झाला. म्हणला, फोटो पाठव, कंपनीच्या तक्त्यापेक्षा आम्हाला ते खरं वाटतं." सुदर्शनला परत एकदा, लाज वाटायच्या आत, बरं वाटलं. "पण यात चांगलं काही नाही," तो म्हणाला. "मी गमावलेलेच लिहिले. मी खोटं सांगत नाही तुला. बाकी काही बघायला हात मोकळा नव्हता." "बघू तर द्या," सत्यम म्हणाला. त्यानं पोह्यांची ताटली खाली ठेवली, बोटं पँटला पुसली आणि वही मांडीवर घेतली.

तो पानं हळू उलटत होता. प्रत्येक पानावर बोट सतराच्या रकान्यात वरून खाली उतरायचं आणि बेरजेवर थांबायचं, आणि त्या वेळी त्याचे ओठ किंचित हलायचे. तो सामना आठवत होता. सुदर्शनला दिसलं की जिथं आपल्याला रेघा दिसतात तिथं याला गवत दिसतंय, कुणाचा तरी घोटा दिसतोय, आरडाओरडा ऐकू येतोय. "चौदा," पोर एकदा म्हणालं. "खरं हाय. त्या दिवशी पायच चालत नव्हता." आणखी एका पानावर, "नऊ? मला वाटलं जास्त असतील." सुदर्शनच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलं. बघा, पोर स्वतःच मान्य करतंय. नोंद म्हणजे नोंद. आणि मग बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं. "ही कोल्हापूरची?" "हो. जानेवारीतली. तीन-चारनं हरलो ती." "इथं सतराला सहा हायेत." "असतील. वहीत आहेत म्हणजे..." "काका, ह्या मॅचला मी नव्हतो." बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. "नव्हतास म्हणजे?" "घोटा सुजला व्हता. गॅलरीत बसलो व्हतो. तुमच्या मागं, दोन पायऱ्या वर, तोंडाला रुमाल बांधून. वळखलं की लोक शिव्या देतात म्हणून. फारूखचाचा नव्हते त्या दिवशी, डोळ्याचं ऑपरेशन व्हतं त्यांचं. माझ्या जागी सत्तावीस नंबर खेळला, नवा पोरगा." सुदर्शनने चष्मा काढला आणि परत घातला. ऊन. टोपी. उजवी कड. दोन आणि एक यांत उन्हातून बघणाऱ्याला कितीसा फरक? पण ऊन हे खरं कारण नव्हतं, हे त्याच्या हाताला माहीत होतं. उजव्या कडेला चेंडू गेला की हात आपोआप सतराच्या घरात जायचा; डोळ्यांची वाट बघत थांबायचा नाही. "तुम्ही म्हणत व्हता," सत्यम वहीकडंच बघत सांगत होता, "गेला बघा सतरा, झाला मोकळा. समदे हसले." "मग तू बोलला का नाहीस रे?" सुदर्शन जवळजवळ ओरडला. "तिथंच सांगायचं, मी इथं बसलोय म्हणून!" पोरानं त्याच्याकडं बघितलं. "मी बी हसलो," ते म्हणालं.

सहा. सहा या एका सामन्यातले, जो सापडला. बाकीच्या बत्तीसांत किती? दहा कमी केले तर सरासरी किती येते, वीस कमी केले तर किती, असं डोकं भराभरा करायला लागलं आणि थांबवलं तरी थांबेना. त्या आकड्यांखाली धरण्यासारखं खरं काहीच नव्हतं. त्यानं वही ओढून घेतली आणि ते पान मुठीत पकडलं. "हे पानच काढून टाकतो. आत्ता." सत्यमनं मनगट धरलं. पकड खेळाडूची होती. "फाडू नका. मधलं पान गेलेलं दिसलं तर गोव्याचे इचारतील." "मग काय करू मी? सांग ना, काय करू?" सत्यमनं सतराच्या घराशेजारी बोट ठेवलं. आत गीताबाईंनी नळ सोडला आणि बंद केला. "ह्या रकान्याशेजारी जागा हाय," तो म्हणाला. "तिथं आणखी एक आखा. गोलाला दिलेले पास. आणि ह्याच मॅचला लिहा. नसताना सहा गमावले, तर नसताना पास बी दिले असतील की मी." तो हसत नव्हता. सुदर्शनने त्याच्या तोंडाकडं बघितलं, थट्टा आहे का, शिक्षा आहे का, काही सापडतं का. जीप चालवणाऱ्याच्या पोराचं साधं तोंड होतं, घाई असलेलं. उद्या सोमवार. सुदर्शनने पट्टी शोधली. पेन तेच घेतलं, कारण शाई जुळायला हवी, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. रकाना आखला, हात जराही हलला नाही, रेघ पहिल्या रेघांना समांतर, छापल्यासारखी. मग निब टेकवून तो थांबला. "आपले तीन गोल झाले होते त्या दिवशी," तो खालच्या आवाजात म्हणाला, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये असा. "तिन्ही लिहू?" "दोनच लिहा, काका," सत्यम म्हणाला. "तीन लिहिले की कुणीतरी तपासायला येतं." सुदर्शनने दोन लिहिले. आणि मग, एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं म्हणून, शेजारच्या सहा रेघा खोडायला पेन आडवं धरलं, तर पोरानं त्यावर तळहात ठेवला.

"त्ये सहा राहू द्या," तो म्हणाला. "त्ये हायेत म्हणून तर हे दोन खरे वाटतील."